शेगडीचं पान

मागच्या पावसाळ्यात तळेगावातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन मी साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब मागितला. गल्ल्यावरचा मुलगा हसला. "मावशी, तो आता कुणी घेत नाही. एलईडी न्या, बिल कमी येतं." मी म्हटलं, "मला उजेड नकोय रे, ऊब हवीय." त्याला ते कळलं नाही, पण पोरगा चांगला होता. शिडी लावून माळ्यावरून धूळ खात पडलेले दोन बल्ब काढून दिले त्यानं. आता पावसाचे चार महिने त्यातला एक माझ्या लोखंडी कपाटाच्या तळाशी जळत असतो. वरच्या फळीवर माझं बी.ए.चं प्रमाणपत्र, आईचं एक इरकली लुगडं आणि आबांचा फोटो. तळेगावला लोणावळ्याइतकी ओल नाही हे मलाही कळतं. सून म्हणते, "आई, एक दिवस आग लावाल घराला." लागणार नाही. बल्ब कापडापासून किती वीत लांब ठेवायचा, वर हवा जायला फट किती सोडायची, हे मी ज्याच्याकडून शिकले त्यानं वीस वर्षं दुसऱ्याच्या सात बंदुका त्या उबेवर सांभाळल्या आणि एकीवरही गंजाचा ठिपका पडू दिला नाही. तो माणूस माझा बाप. आमच्या घरात कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं, तिथं मी बी.ए. झाले, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या पदवीच्या वाटेवर एक उन्हाळा आणि त्यापाठोपाठचा एक पावसाळा आला, त्याबद्दल मी घरात कुणाला धड सांगितलेलं नाही. सुनेला तर आबा बंगल्यावर माळी होते एवढंच ठाऊक आहे.

माळी नव्हते ते. लोणावळ्याला तुंगार्लीच्या रस्त्यावर एक बंगला होता, त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या, त्या आमच्या. बंगला मुंबईच्या एका वकील साहेबांचा. साहेब थंडीत शनिवार-रविवार येत, उन्हाळ्यात महिनाभर राहत, आणि पावसाळ्यात बहुधा फिरकतच नसत. त्यांच्या वडलांना आणि चुलत्यांना शिकारीचा नाद होता. शिकार बंद होऊन बरीच वर्षं लोटली होती, पण बंदुका राहिल्या होत्या. सगळ्या विलायती दुनळ्या, घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या लायसनांवर वाटून ठेवलेल्या. एकीच्या बाजूच्या पत्र्यावर तितर कोरलेले, एकीवर बदकं, एकीवर नुसती पानं-वेली. त्यांतली कुठलीही मी उडालेली ऐकली नाही. मला त्यांचा ठाऊक असलेला आवाज एकच. आबा नळीत चिंधी घातलेला गज सारत आणि तो दुसऱ्या तोंडानं बाहेर पडताना बाटलीचं बूच निघावं तसा 'टुक्' वाजे. पत्र्यावर पाऊस कोसळत असला, खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून लावलेलं इंजिन धापा टाकत असलं, तरी तो 'टुक्' मला आतल्या खोलीत अभ्यास करताना ऐकू येई आणि आबा कामात आहेत म्हणून बरं वाटे.

त्यांच्या हाताला कायम तेलाचा वास. शिलाई मशीनचं तेल लोखंडाला, जवसाचं तेल लाकडी दस्त्याला. आई चुलीतली राख आणि शिकेकाई लावून त्यांना हात धुवायला लावी. तरीही तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी माझ्या ताटात टाकला की मी म्हणे, "आबा, भाकरीला बंदूक लागली." आई म्हणायची, "लागू दे. तुज्या पोटात गंज धरायचा न्हाई." आई भाजे गावची. ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा ती असा करायची की साहेबांच्या मुंबईच्या पाहुण्यांनी एकदा बंगल्यातलं जेवण सोडून आमच्या ओट्यावर बसून खाल्लं होतं.

आमच्या घरात माणसांची एक वेगळीच वर्गवारी होती. खारा हात आणि गोड हात. काही माणसांच्या घामात असं काही असतं की त्यांनी लोखंडाला नुसतं बोट लावलं तरी दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस ठसा उमटतो. तो खारा हात. आईचा हात खारा, म्हणून वीस वर्षांत तिनं बंगल्यातल्या बंदुकांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. त्याचा तिला राग होता. "माज्या हातचं जेवन चालतं, हात चालत न्हाई," असं ती ऐकवायची. साहेबांचा हातही खारा. ते बंदूक हातात घेऊन पाहुण्यांना दाखवत, आणि पाहुणे गेले रे गेले की आबा मऊ धोतराच्या तुकड्यानं जिथं-जिथं बोटं पडली तिथं पुसत बसत. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांनी माझ्याकडून एक जुना खिळा मुठीत धरवला, कागदावर ठेवला आणि सकाळी उठून पाहिला. खिळा होता तसाच. "हौसा, तुजा हात गोड हाय," ते म्हणाले. पुढं मला शाळेत-कॉलेजात बक्षिसं मिळाली, पण एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला कुणी दिलं नाही.

आबांना हे काम शिकवलं तळेगावच्या रहीमचाचांनी. त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, ते बंगल्यावर येऊन सगळ्या बंदुका डोळ्यांखालून घालत. आबांचे नियम म्हणजे निम्मे चाचांचे, निम्मे लोणावळ्याच्या हवेनं शिकवलेले. बंदूक कपाटात उलटी उभी करायची, नळीचं तोंड खाली आणि दस्ता वर, म्हणजे लावलेलं तेल निथळून लाकडात मुरत नाही. साहेबांचे पाहुणे हसत, "काय वटवाघळं टांगलीत!" तेल बोटाला लागेल एवढंच. जास्त झालं की धूळ धरतं आणि चिकट होतं. चामड्याच्या भारी गवसण्या होत्या, विलायतेहून आलेल्या, आतून लाल मखमलीच्या. त्या आबांनी माळ्यावर वेगळ्या ठेवल्या होत्या. "गवसनी परवासाला. घरात बंदुकीला उघडंच ऱ्हाऊ द्यावं. चामडं पानी पितं आन् तिला पाजतं." निवडणुका आल्या की लायसनवाल्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत, तेव्हा आबा लेक सासरी धाडावी तसे त्यांना तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून पोचवून येत आणि परत येईपर्यंत धड जेवत नसत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आणि त्याच्या तळाशी बल्ब, मृगापासून दसऱ्यापर्यंत जळता.

आणि शेगडी. लोणावळ्यात पावसाळ्यात झाड पडलं की तार तुटते आणि तार तुटली की वीज कधी दोन दिवस, कधी आठ दिवस जाते. बल्ब विझला की चोवीस तासांत कपाटातली हवा जड होते. म्हणून आबांची लोखंडी शेगडी होती, तीन पायांची, एक पाय जोडलेला. तिच्यावर त्यांचा बंदुकांपेक्षा जास्त जीव. खंडेनवमीला लोक शस्त्रांना हळद-कुंकू, फुलं वाहतात. आबा बंदुकांना ओलं काही लावू देत नसत. कुंकवाची चिरी ओढायचे ती शेगडीला. "खरी राखनदार ही हाय. आमी नुसते पगारी." साहेब पावसाळ्यात नसत. त्या खोलीशेजारच्या बोळात ती शेगडी पडलेली त्यांनी पाहिली असेल, पण ती आमच्या चहासाठी असावी असंच त्यांना वाटे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. एप्रिलमध्ये साहेब राहायला आले आणि एका सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. समोर खुर्ची ठेवली. त्या व्हरांड्यात मी उभी पुष्कळदा राहिले होते, बसले पहिल्यांदा. "हौसा, तू इंग्रजी घेतलंयस ना? तुझ्या वडलांकडं जे ज्ञान आहे ते पुस्तकांतसुद्धा नाही. उद्या ते त्यांच्याबरोबर जाईल. तू ते लिहून काढ. इंग्रजीत, स्वच्छ. आपण किसनच्या नावानं छापू. वर किसनचं नाव, खाली तुझं." मग आबांना हाक मारून म्हणाले, "आणि किसन, यंदा लायसनवर तुझं नाव चढवायचंच. राखणारा माणूस म्हणून. फोटो काढून ठेव." लायसनवर नाव म्हणजे सरकारदरबारी आबांचा त्या बंदुकांशी संबंध लागणार. साहेब हे पाच-सहा वर्षं म्हणत होते. त्या दिवशी आबांनी मान खाली घालून विचारलं, "आन् साहेब, त्या दोन खोल्यांचं?" साहेब हसले. "वेड्या, ते घर तुझंच समज. तू आहेस तोवर कोण उठवतंय तुला?"

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालून बाजारात गेले आणि फोटो काढून आले. पाठकोऱ्या कागदाच्या पाकिटात तीन प्रती. मला आठवतं, आईनं एक प्रत हातात धरून म्हटलं होतं, "बंदूक न्हाई दिली हातात?" आबा म्हणाले, "लायसन आल्यावर."

मग तो उन्हाळा. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा म्हणून मी तोच सांगीन, आणि म्हणूनच तो आठवायला मला आवडत नाही. दुपारी साहेब झोपले की आबा आणि मी बंदुकांच्या खोलीत बसायचो. ते बोलत, मी आधी मराठीत टिपून घेई, मग संध्याकाळी ओट्यावर बसून शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी करी. नळी आणि दस्ता जिथं जुळतात ती सांध्याची जागा कशी पुसायची हे आबांना सांगता येईना, तेव्हा आई दारातूनच, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "लेकराला न्हाऊ घातल्यावर काखेत, मांडीत, मानंखाली पुसतो का न्हाई? तसं." मी ते तसंच्या तसं लिहिलं. चाळीस पानांची वही झाली. जो बाप आयुष्यभर कुणाच्या तरी हुकमावर उभा राहिला, तो माझ्यासमोर खाली बसून मला सांगतोय आणि मी त्याला थांबवून विचारतेय, "म्हणजे कसं, आबा? पुन्हा सांगा." माझ्या डोक्यात हवा गेली हे मला आज दिसतं. वाचणारे लोक मला दिसू लागले. मुंबईचे, क्लबातले, इंग्रजी बोलणारे.

आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेगडीचं पैलं लिही." मी म्हटलं, "क्रमानं घेऊ, आबा." मग रोज ते शेगडीपाशी येत आणि रोज मी दुसरं काही विचारी. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. विलायती बंदुका, कोरलेले तितर, मखमल, आणि त्यात ही एक पाय जोडलेली शेगडी, कोळसे, राख, फुंकणी! आमच्या घराचा सगळा गबाळेपणा त्या पानावर उतरेल असं मला वाटलं. बल्बचं मी दीड पान लिहिलं. शेगडीच्या जागी एक वाक्य टाकलं, की खोली सदैव उबदार राहील याची काळजी घ्यावी. इंग्रजीत ते फार छान वाटत होतं. शेवटच्या दिवशी वही बंद करताना आबांनी विचारलं, "शेगडीचं समदं लिवलं ना?"

"व्हय, आबा."

घरात मी त्यांच्यासारखीच बोलायचे. तो 'व्हय' अजून माझ्या तोंडात आहे.

वही साहेब मुंबईला घेऊन गेले, आणि जूनच्या सुरुवातीला परत आले ते एका माणसाला बरोबर घेऊन. पँट-शर्ट, खांद्यावर पट्टी, कुठल्याशा सिक्युरिटी एजन्सीचा. त्याच्या हातात गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका होती. साहेबांनी तिच्या शंभरेक प्रती क्लबातल्या मित्रांना वाटायला छापल्या होत्या. मला एक दिली, पाठीवर थाप मारून. मी वरचं पान पाहिलं. तितर कोरलेल्या बंदुकीचा फोटो, आणि खाली साहेबांचं नाव. एकट्याचं. मी पानं उलटली. वाक्यं माझी. लेकराला न्हाऊ घातल्यावर काखेत पुसतात, ते माझ्या आईचं बोलणंसुद्धा होतं, साहेबांच्या नावाखाली. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. "आलं का नाव?" त्यांनी हळूच विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत साहेब बोलू लागले. "किसन, तुझं वय झालं. आता तुला हा त्रास नको. हे बघ, सगळं लिहिलेलं आहे, आता कुणीही करू शकतो." आबांना आधी ते कौतुकच वाटलं. ते हसले. मग साहेब म्हणाले, "या माणसाला राहायला जागा लागेल. तुमचा गाव काय, हाकेच्या अंतरावर आहे. महिनाअखेर आवरा सावकाश." आबा तरीही हसतच होते. चेहऱ्याला खबर पोचायला वेळ लागला. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणाला होता घर तुमचंच समजा." साहेब माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीनं म्हणाले, "समज म्हटलं होतं, हौसा. तू शिकलेली आहेस, तुला फरक कळायला हवा."

आम्ही भाज्याला मामाच्या घराच्या पडवीत राहायला गेलो. टेम्पोत भांडी, दोन ट्रंका, गोधड्या. शेगडीही आबांनी आणली. ती त्यांच्या पैशानं घेतलेली होती. निघताना आई पहिल्यांदा बंदुकांच्या खोलीत शिरली. मला वाटलं रडेल. तिनं दोन्ही तळवे पदराला न पुसता तितराच्या बंदुकीच्या नळीवर, चांगले दाबून, फिरवले. आबांनी ते पाहिलं. थोड्या वेळानं आत जाऊन पुसून आले. सवय.

मी मळवली स्टेशनापर्यंत चालत जाऊन लोणावळ्याला कॉलेजला जाऊ लागले. आबा मामाच्या खाचरात लावणीला जात. त्यांच्या हाताचा तेलाचा वास गेला, चिखलाचा आला. ऑगस्टमध्ये मोठं वादळ झालं. वलवणकडं झाडं पडली, खांब वाकले, आणि लोणावळ्याच्या त्या अंगाला नऊ दिवस वीज नव्हती. आबा पडवीत बसून पावसाकडं बघत आणि म्हणत, "पेटवली आसंल त्यानं शेगडी. आनली आसंल कुटनं तरी." मी पुस्तकात डोकं घालून बसे.

वीज आल्यावर दोन दिवसांनी साहेबांचा निरोप आला. आबांनी यावं, मुलीनंही. आम्ही गेलो तर बंगल्यातल्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून सातही बंदुका आडव्या ठेवलेल्या. रहीमचाचांना तळेगावहून बोलावलेलं. ते एकेक नळी उजेडाकडं धरून आत पाहत होते आणि दर वेळी जिभेनं 'च्' करत होते. बाहेरून तपकिरी ठिपके, देवी आल्यासारखे. तितराच्या बंदुकीत आतून खड्डे पडले होते, ते कधीच निघणार नव्हते. आबांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

तो नवा माणूस भिंतीशी उभा. "साहेब, मी पुस्तकात लिहिलंय तसंच केलं," तो म्हणाला. "अक्षर न् अक्षर. वीज गेली, बल्ब विझला. त्यापुढं काय करायचं ते पुस्तकात नाही."

चाचा वळले. "म्हंजे? शेगडी न्हाई पेटवली?"

"कसली शेगडी?"

साहेबांनी आबांकडं पाहिलं. मग आबा बोलले, आणि त्या आवाजात जूनपासून गेलेलं काहीतरी परत आलं होतं. "साहेब, आसं कसं? शेगडीचं समदं सांगितलंय म्या. लिवलंय पोरीनं. या भाऊला गावलं नसंल. हौसा, घे ते पुस्तक. कुटं हाय ते वाचून दाव."

साहेबांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. मी पानं उलटली. मला ठाऊक होतं तिथं काय आहे आणि काय नाही, तरी मी एकेक पान उलटत गेले. एखाद्या पानावर आपोआप उमटेल असं वाटत होतं की काय कोण जाणे. बल्बचं दीड पान आलं. मग ते एक वाक्य आलं, छान इंग्रजीतलं. मी थांबले. 

"वाच की," आबा म्हणाले.

मी मान वर केली. बापाला मुलीचा चेहरा वाचता येतो, त्याला शाळा लागत नाही. आबांचं तोंड जरा उघडं राहिलं. पुस्तिकेवर साहेबांचं नाव आहे हे मी जूनमध्ये त्यांना सांगितलं होतं, तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. एवढं पाहिलं मी. पुढचं सगळं फार पटकन झालं.

"न्हाई सांगितलं," आबा साहेबांकडं वळून म्हणाले. "म्या पोरीला शेगडीचं सांगितलंच न्हाई, साहेब. धंद्यातली एक गोष्ट पोटात ठेवली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"वीस वर्षं माझं अन्न खाल्लंस, किसन."

"व्हय, साहेब."

चाचांनी हातातली नळी चादरीवर ठेवली. ते आबांकडं नाही, माझ्याकडं बघत होते. "किसनभाऊ," ते म्हणाले, "तू आन् पोटात ठेवनार? मला शिकीवतोस?" पण आबा दाराकडं चालू लागले होते. "चल हौसा. गाडी चुकंल."

मी बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं, आणि मी तर शब्दांचीच पोरगी. मी बोलले नाही. स्टेशनपर्यंत आबा पुढं आणि मी मागं. गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

किसननं मालकाच्या बंदुका मुद्दाम गंजवल्या ही गोष्ट तुंगार्लीतल्या सगळ्या बंगल्यांवर पसरली. त्यांना पुन्हा कुणी राखणीला ठेवलं नाही. पुढची वर्षं त्यांनी मामाच्या शेतात आणि उरलेल्या दिवसांत लेण्यांच्या पायथ्याशी येणाऱ्यांना लिंबूसरबत विकून काढली. माझी फी त्यातूनच गेली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी पडवीत शेगडी घासूनपुसून ठेवली आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढं केली. "तू वढ. तुजा हात गोड हाय." मी ओढली. ते काही बोलतील म्हणून मी थांबले, तर ते आईला चहा टाकायला सांगत होते. मेले तोपर्यंत त्या गोष्टीचा उच्चार केला नाही त्यांनी. साहेबांनी आम्हाला दगा दिला, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण साहेब परके होते. आबांना परक्याच्या दग्याची सवय होती.

सुनेला हे सगळं लिहिलेलं वाचून दाखवायचं ठरवलंय. आणि लायसनसाठी काढलेल्या त्या तीन फोटोंपैकी जो उरलाय, तो कपाटातून काढून भिंतीवर लावायचा, ओल नसलेल्या भिंतीवर. त्याआधी एक पान राहिलंय, ते लिहिते. आबांनी सांगितलं होतं तसंच.

शेगडी बंदुकांच्या खोलीत कधीच न्यायची नाही. शेजारच्या बोळात, मधल्या भिंतीला लागून ठेवायची. तापवायची ती भिंत, हवा नव्हे. कोळसे लाकडाचे, बाभळीचे मिळाले तर उत्तम, ओले अजिबात नकोत. पेटवायचे बाहेर, पागोळीखाली नव्हे, पत्र्याखाली. धूर पुरा जाऊ द्यायचा, ज्वाळ बसू द्यायची, निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच आत आणायची. बोळाचं दार आणि वरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर माणूस गुदमरून मरतं. दिवसातून दोनदा, सकाळी आणि दिवेलागणीला. वीज नसेल तर चार वेळा. भिंत तापली की नाही हे हातानं बघू नये, हात फसवतो. भिंतीला पाठ टेकून बसावं. उठावंसं वाटेना झालं, की बंदुका सुखात आहेत असं समजावं.

सांगणार: किसन महादू, भाजे.
लिहिणार: त्यांची मुलगी, हौसा.